लोकमान्यांचा मधुमेह आणि जवाची भाकरी

अकोला, बाळापूर, शेगाव या वऱ्हाडच्या पट्ट्यात लोकमान्य टिळकांची एक आठवण आजही श्रद्धेने सांगितली जाते. १९०८ मध्ये अकोल्याच्या शिवजयंती उत्सवाला लोकमान्य आले होते. पुढे त्यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा शेगावच्या गजानन महाराजांनी त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद पाठविला, असे भाविक मानतात. ही भाकरी श्रद्धेचा विषय आहे. मात्र नंतरच्या सहा वर्षांत साध्या, मोजक्या अन्नानेच लोकमान्यांचा देह तगविला, हे निश्चित.

२२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती आणि शरीरात मधुमेहाने घर केले होते. त्या काळी या विकारावर इन्शुलिन नव्हते, गोळ्याही नव्हत्या. पथ्य हाच एकमेव आधार. शिवाय मंडालेचा तुरुंग म्हणजे असह्य उकाडा, एकांत आणि घरच्या काळजीचे ओझे.

लोकमान्यांनी येथेही शिस्तीची कास धरली. विद्यार्थिदशेत डेक्कन कॉलेजात त्यांनी एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाने प्रकृती कमावली होती. आता त्याच निग्रहाने गहू-तांदूळ वर्ज्य करून त्यांनी जवाचे पीठ आणि दूध-दही यांवर निर्वाह केला. दिवसाचा बहुतेक वेळ वाचन-लेखनात जाई. १९१०-११ च्या हिवाळ्यात याच कोठडीत 'गीतारहस्य' लिहून झाले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना येथेच ऐकावी लागली. तरीही हा नेम त्यांना तारून नेत होता. जून १९१४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी पुन्हा राजकारणात उडी घेतली.

१ ऑगस्ट १९२० रोजी न्यूमोनियाने मुंबईतील सरदारगृहात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला देण्यात आले.

प्रौढ वयात जडणारा मधुमेह आज बहुधा टाइप दोन या प्रकारात गणला जातो. जवातील बीटा-ग्लुकन हा तंतू साखरेचे शोषण मंदावतो, हे आता ज्ञात आहे. अर्थात केवळ जवाने मधुमेह आटोक्यात येत नाही. मोजका आहार, रोजचे चालणे, वेळेवर औषध, पायांची निगा आणि तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी तपासणी ही आजची पंचसूत्री आहे. लोकमान्यांजवळ यातील औषध नव्हते, तपासणीही नव्हती. होता तो केवळ निग्रह. आज औषधे हाताशी आहेत. पण रोज ताटावर बसताना लागणारा निग्रह मात्र प्रत्येकाला स्वतःच जोपासावा लागतो.