झावळ्यांच्या छपरातून आकाशाकडे



गेल्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी आमची बॅच देवगिरीने मुंबईला गेली होती. काम आटोपल्यावर संध्याकाळी सगळे जुहू चौपाटीवर भेळ खात उभे होतो. तेवढ्यात अगदी कमी उंचीवरून एक हेलिकॉप्टर आलं आणि समोरच्या इमारतींच्या मागे कुठेतरी उतरलं. इथे विमानतळ कुठून आला, असं कोणीतरी विचारलं. आम्ही चाळीस भावी इंजिनियर, पण उत्तर एकालाही येईना!

परभणीला परतल्यावर लायब्ररीत शोधाशोध केली. तेव्हा कळलं की ज्या जागेला आम्ही पाठ करून भेळ खात होतो, तो जुहूचा विमानतळ म्हणजे 1928 साली सुरू झालेला आपल्या देशाचा पहिला नागरी विमानतळ. आणि त्याची गोष्ट सांगायची तर एका माणसाचं आयुष्यच सांगावं लागतं. तो माणूस म्हणजे जे. आर. डी. टाटा. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी या कुटुंबाचं सुट्टीतलं घर होतं. शेजार कोणाचा, तर लुई ब्लेरियो यांचा! 1909 साली विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे ते हेच. ब्लेरियोंचा वैमानिक तिथल्या वाळूवर विमान उतरवायचा आणि छोटा जहांगीर डोळे विस्फारून बघत राहायचा. तिथे ना धावपट्टी, ना टर्मिनल, नुसती ओली वाळू. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि तिथेच पोराने ठरवून टाकलं, की आपण वैमानिक व्हायचं.

पण ठरवलं ते सगळं होतंच असं नाही. त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनियरिंग शिकायचं होतं. त्याऐवजी आधी फ्रेंच सैन्यात वर्षभर सक्तीची नोकरी करावी लागली आणि 1925 साली वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. बिनपगारी उमेदवार म्हणून ते टाटांच्या कंपनीत लागले. आई 1923 सालीच गेली होती, 1926 साली वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी अंगावर घराची आणि कंपनीची जबाबदारी आली. इंजिनियरिंगची ती सीट कायमची गेली! डिग्री नसल्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री ज्या डिग्रीला शिव्या घालतो ना, ती त्यांना हवी असून मिळाली नाही.

1928 साली जुहूला मैदान तयार झालं आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी तिथे जाऊन विमान चालवायला शिकले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलं लायसन्स, त्यावर नंबर 1.

मग आगाखानांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून लंडनच्या क्रॉयडन विमानतळाकडे निघाले. उलट बाजूने अस्पी इंजिनियर नावाचा कोवळा पोरगा कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगवाचून अडकून पडलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. थोड्याच तासांच्या फरकाने अस्पी जिंकला आणि जेआरडी हरले. पुढे 1960 साली हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. व्हायव्हाच्या दिवशी शेजारच्याला आपली जर्नल द्यायला आपण किती कुरकुर करतो, ते आठवून मला जरा लाजच वाटली.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी लंडनची हवाई टपाल कराचीपर्यंत विमानाने यायची. पुढे मुंबई-मद्रासला जायला रेल्वेच. म्हणजे विमानाने वाचवलेले दिवस रेल्वेत जायचे. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने सुचवलं, की कराचीहून पुढची टपाल आपणच विमानाने न्यावी. जेआरडींनी योजना उचलून धरली. टाटांच्या वडीलधाऱ्यांना पटवलं. सरकारचा होकार मिळायला मात्र तीन वर्षं गेली. (फाइल सरकायला वेळ लागणं ही आजची गोष्ट नाही, बरं का!) भांडवल होतं सुमारे 2 लाख रुपये आणि दोन पुस मॉथ विमानं, एका इंजिनाची.

15 ऑक्टोबर 1932. सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून एकटेच निघाले. सोबत 25 किलो टपाल, डोळ्यांवर गॉगल आणि हिशोबाला स्लाइड रूल. आज आपल्या हातात कॅल्क्युलेटर असतो, तरी युनिट चुकतं. तिथे रेडिओ नव्हता, जमिनीवरून रस्ता सांगणारं कोणी नव्हतं. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे चक्क बैलगाडीतून आले. आपल्याकडे कापूस बाजारात येतो तसे! दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी विमान जुहूला टेकलं. जवळजवळ 1000 किलोमीटर, सव्वासात तासांत. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

आणि त्या दिवशी जुहूला टर्मिनल कसं होतं? झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. बस्स. तेच ऑफिस, तेच सगळं. माणसं म्हणजे तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. मैदान समुद्राला लागून, चिखलाचं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग विमानं आणि माणसं, सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. एवढ्या भांडवलावर पहिल्याच वर्षी कंपनीला 60,000 रुपये नफा झाला. पुढे या मार्गावर हैदराबादही आलं. तेव्हा आपली परभणी निजामाच्या राज्यात होती, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीला टाटांची टपाल अशी आकाशातून येऊ लागली. जो मित्र या कल्पनेचा जनक, तो व्हिन्सेंट मात्र 1942 साली युद्धाच्या धामधुमीत विमानासह फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसा झाला.

1938 साली, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. टेल्को 1945 साली निघाली ती त्यांच्याच काळात. प्लेसमेंटच्या नोटिशीत आपण सगळे आधी ज्या कंपनीचं नाव शोधतो, ती टीसीएसही 1968 साली त्यांच्याच काळात सुरू झाली. पण त्यांचा जीव होता विमानांत. 1946 साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. 8 जून 1948 रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनेव्हामार्गे लंडनला निघालं. झावळ्यांची शेड आणि लंडनची ही फेरी यांच्यामध्ये फक्त सोळा वर्षं आहेत.

जुहू आता पुरेना. विमानं मोठी झाली, त्यांना लांब आणि भक्कम धावपट्टी लागे. म्हणून मुंबईची प्रवासी वाहतूक त्याच वर्षी सांताक्रूझला गेली. तिथे 1958 साली टर्मिनल उभं राहिलं. मग तेही पुरेना, म्हणून 1981 साली सहारचं टर्मिनल आलं, आणि 2014 साली ते पाडून त्या जागी आजचं टी-टू. टर्मिनलचं आयुष्य असं असतं. पूल शंभर वर्षं टिकतो कारण त्याच्यावरून जाणारी गाडी फारशी बदलत नाही. टर्मिनलपुढे उभं राहणारं विमान मात्र दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलतं. इमारत धडधाकट असते, पण तिचं काम संपलेलं असतं.

माणसाचंही असंच करतात का? 1953 साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना हे पटलं नव्हतं, ते फार दुखावले. तरी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांनी पगार न घेता पुढची पंचवीस वर्षं सांभाळलं. प्रवास करताना वही काढून बसत. पडद्याचा रंग, चहाची चव, संडासाची स्वच्छता, सगळं टिपून ठेवत आणि उतरल्यावर साहेबांना पाठवत. 1962 साली एअर इंडिया सगळी विमानं जेट असलेली जगातली पहिली कंपनी झाली. आणि 1978 च्या फेब्रुवारीत नव्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून काढून टाकलं. वय 73. ज्या कंपनीची सुरुवात झावळ्यांच्या शेडमध्ये केली, तिच्यातूनच बाहेर. पुढे संचालक मंडळावर परत घेतलं, पण ती खुर्ची काही परत मिळाली नाही.

दुसरा कोणी रुसून घरी बसला असता. जेआरडींनी काय केलं? 15 ऑक्टोबर 1982 रोजी, त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ नावाचं जुनं एका इंजिनाचं विमान घेऊन ते कराचीहून एकटे निघाले. अहमदाबादला थांबले आणि उतरले कुठे, तर सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीवर नाही, सहारच्या नव्याकोऱ्या टर्मिनलपुढेही नाही. जुहूलाच उतरले!

1992 साली त्यांना भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनेव्हात त्यांचं निधन झालं आणि पॅरिसला, जन्माच्या गावी, त्यांना मूठमाती मिळाली. 2022 च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते बघायला ते नव्हते.

आता प्रश्न असा, की त्यांच्या पायाखालच्या त्या सगळ्या जागांचं पुढे काय? 1930 साली ते ज्या क्रॉयडनकडे निघाले होते, तो विमानतळ 1959 सालीच बंद झाला, पण तिथली 1928 ची टर्मिनल इमारत अजून उभी आहे आणि तिच्या टॉवरमध्ये छोटं संग्रहालय आहे. पॅरिसच्या ल बुर्जेला विमानांचं मोठं संग्रहालय झालंय. न्यूयॉर्कचं 1962 चं टीडब्ल्यूए टर्मिनल 2001 साली बंद पडलं आणि 2019 साली त्याचं हॉटेल झालं. बर्लिनचा टेंपलहॉफ 2008 साली बंद झाला, तिथे धावपट्टीवर आता लोक सायकली चालवतात. आपल्या जवळचा म्हणजे हैदराबादचा बेगमपेट, निजामाच्या काळातला. 2008 साली शमशाबादचा नवा विमानतळ झाला आणि बेगमपेटची प्रवासी वाहतूक थांबली. आता तिथे अधूनमधून विमानांचं प्रदर्शन भरतं. सांताक्रूझचं टर्मिनल 1 पाडून नवं बांधायची योजना जाहीर झालीय. आणि जुहूला हेलिकॉप्टरं उतरतात.

मला विचाराल तर सगळंच जपा असं मी म्हणणार नाही. गर्दी वाढली तर नवं बांधावंच लागतं, आणि बांधणार आपल्यातलेच कोणीतरी. पण पाडण्याआधी तिथे काय घडलं याचं एक माप घेऊन ठेवावं, नकाशे ठेवावेत, एखादा कोपरा तसाच राखावा. जुहूला तर इमारत जपायचाही खर्च नको. झावळ्यांचं तसंच एक छप्पर पुन्हा शाकारावं, आत एक स्लाइड रूल आणि पेट्रोलचा एक डबा ठेवावा. भेळ खाऊन परतणाऱ्या पोरांनी पाच मिनिटं आत डोकावावं. ते बघून कोणाला कळेल, की लंडनला जाणारी विमानसेवा चिखलातल्या एका शेडमधून आणि सहा माणसांकडून सुरू झाली होती.

परभणीला विमानतळ नाही. नांदेडचा आपल्याला जवळचा. म्हणून आपल्याला या गोष्टी दूरच्या वाटतात. पण आपल्या वर्कशॉपवर पत्रे आहेत, झावळ्या नाहीत. हातात कॅल्क्युलेटर आहे आणि इंजिनियरिंगची सीटही आहे. जेआरडींना मिळाली नव्हती, ती आपल्याला मिळालीय. पुढच्या वर्षीची बॅच मुंबईला जाईल तेव्हा डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, तर एवढं ज्युनियर्सना नक्की सांगा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी