विनोबांचं घर




विनोबांचे वडील नरहरपंत विज्ञानाचे, हिशेबाचे. आई रुक्मिणीबाई भाविक. तिने देवाला लाख तांदूळ वाहायचे ठरवले. रोज दाणा दाणा मोजायची. वडिलांनी सुचवलं, थोडे मोज, बाकीचे वजनाने घे. विन्या गणितात हुशार, तरी इथे आईच्या बाजूने!

एकदा तिने धट्ट्याकट्ट्या भिकाऱ्याला भीक घातली. विन्या चिडला. पात्र-अपात्र ठरवणारे आपण कोण, असं तिचं म्हणणं. (पटतं का, मुलांना विचारून बघा.)

आई १९१८ साली गेली. मे १९६० मध्ये विनोबा आपल्या शेजारच्या भिंड-मुरैन्यात पायी फिरले. पोलीस ज्यांच्या मागावर होते, त्या २० बागींनी त्यांच्यापुढे बंदुका आणून ठेवल्या.