दप्तरखान्याचा राखणदार : डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर

पिसुर्ले म्हटले की आज खाणी आठवतात. सत्तरीतल्या, डिचोलीहून फारशा लांब नसलेल्या या गावात १८९४ साली पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर जन्मले. राज्यकर्त्यांची पोर्तुगीज त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे पोर्तुगीज विद्वानांनाही त्यांच्या ग्रंथांवाचून चालेना.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची दारे खऱ्या अर्थाने उघडली. १९३० च्या सुमारास गोव्याचा सरकारी दप्तरखाना पिसुर्लेकरांच्या हाती आला. हा दप्तरखाना १५९५ चा. मोसमी वाऱ्यांवर दरवर्षी लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार, शेजारच्या राजांना धाडलेली पत्रे, तहनामे असे सगळे तिथे बाडांत बांधलेले. मी स्वतः सरकारी नोकर. एक जुने कपाट लावताना आमची काय दमछाक होते ते ठाऊक असल्याने, त्यांनी सुमारे तीन दशके हे काम केले याचेच मला अधिक नवल वाटते.

या कागदांत धर्म आणि तलवार वेगळी काढता येत नाहीत. टेम्पलर योद्ध्यांच्या जागी १३१९ मध्ये पोर्तुगालात ऑर्डर ऑफ क्राइस्ट हा लढवय्या धर्मसंघ उभा राहिला. वास्को द गामाच्या शिडांवर त्याचाच क्रूस होता, आणि पुढे खुद्द राजाच संघाचा प्रमुख झाला. म्हणून किल्ले, दारूगोळा, चर्च आणि देवळे यांचे विषय गोव्याच्या पत्रांत शेजारी शेजारी येतात.

पिसुर्लेकरांनी त्यांत मराठे शोधले. कुडाळ, पेडणे, डिचोलीकडचे देसाई शिवाजी महाराजांविरुद्ध उठून पोर्तुगीज मुलखात आश्रयाला गेले, म्हणून नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांची फौज बार्देशात शिरली आणि डिसेंबरात तह झाला. पुढल्याच वर्षी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला. या घडामोडींमागची बोलणी पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजांच्याच कागदांतून उलगडली.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे १९५२ चे पुस्तक, पोर्तुगीजांच्या वकिलांविषयीचे. मोलाचे, कारण ते अडचणीचे आहे. मराठ्यांशी बोलणी करायला पोर्तुगीज पाठवत ते कोठारी, धुमे अशा गोमंतकीय हिंदू घराण्यांतले लोक. ती आडनावे आजही आपल्या शेजारी आहेत. पूर्वज समोरच्या बाजूला बसलेला दिसला की वाचणारा चपापतो. पिसुर्लेकरांनी त्यांना फितूरही ठरवले नाही की त्यांच्या आरत्याही ओवाळल्या नाहीत. कोणी कुठे जाऊन काय बोलणी केली ते कागदासह मांडले.

त्यानंतर राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड निघाले. पण बहुतेक लेखन पोर्तुगीजमध्ये. ज्या पेडणे-डिचोलीचा हा इतिहास, तिथल्या मराठी वाचकाला तो बंदच होता. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने काढला तो १९६७ मध्ये, बार्देशच्या त्या स्वारीला तीनशे वर्षे झाली तेव्हा. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, पिसुर्लेकर गेले.