नाण्यांचे वजन करणारा इतिहासकार

इतिहासाच्या तासाला आपण राजांच्या वंशावळी पाठ करतो, लढायांचे सन लक्षात ठेवतो. पण त्या राजाच्या सैन्याला लागणारे धान्य कोण पिकवीत होते आणि ते शेतकऱ्याने का म्हणून सोडले, हा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही. हा प्रश्न सतत विचारणारे दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने इतिहासकार नव्हते; ते गणिताचे प्राध्यापक होते.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी १९१८ साली अमेरिकेस जाताना त्यांनी मुलाला बरोबर नेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन दामोदर परतले. काशी, अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते रुजू झाले. राहणे पुण्यात, नोकरी मुंबईत. रोजची ये-जा 'दख्खनची राणी'ने.

इतिहासाकडे ते वळले ते नाण्यांच्या वाटेने. तक्षशिलेच्या उत्खननात चांदीची आहत नाणी सापडली होती. त्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही, नुसत्या खुणा. कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहात फिरले की झिजते, म्हणजे जास्त फिरलेले नाणे हलके भरणार. मागील बाजूच्या बारीक खुणा जितक्या अधिक, तितके वजन कमी, असे त्यांना आढळले. त्यावरून त्या खुणा व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणे पारखल्याच्या असाव्यात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नाण्यांचा काळानुसार क्रम असा संख्याशास्त्राने लावला गेला. मौर्यकाळातील नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली दिसते. तिच्यात त्यांना साम्राज्याच्या खजिन्यावर पडलेला ताण दिसला.

कोसंबी मार्क्सवादी होते. उत्पादनाची साधने कोणती आणि वरकड उत्पन्न कोणाच्या हाती गेले, हे त्यांच्या मते इतिहासाचे मुख्य सूत्र. कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी घाटमाथ्याच्या व्यापारी वाटांजवळच का, हे त्यांनी पायी हिंडून पाहिले. विहार ही नुसती धर्मस्थाने नव्हती. व्यापाऱ्यांच्या तांड्यांना तेथे आसरा, साठवण आणि भांडवल मिळे. तेव्हा व्यापाऱ्याने दिलेल्या दानात श्रद्धेबरोबर हिशेबही होता. जातिसंस्थेकडेही ते याच दृष्टीने पाहत. श्रद्धेने व जातीने माणूस आपला वाटा मुकाट्याने देत असेल, तर राज्यकर्त्याला बळ कमी वापरावे लागते. हे विवेचन बोचरे आहे, पण टाळता येण्याजोगे नाही.

विशेष म्हणजे, आपल्याच पंथाच्या लोकांनाही त्यांनी सूट दिली नाही. कॉम्रेड डांगे यांनी आदिम साम्यवाद ते गुलामगिरी अशा ठरीव पायऱ्यांत प्राचीन भारत बसवला, तेव्हा १९४९ मध्ये कोसंबींनी त्या पुस्तकाची निर्दय चिरफाड केली. युरोपचा साचा भारतावर जसाच्या तसा बसवायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. १९५६ च्या आपल्या मुख्य ग्रंथात मात्र त्यांनी सरंजामशाही हा शब्द वापरलाच. ती वरून आणि खालून अशी दोन प्रकारे आली, असे मांडले. १९८१ मध्ये हरबन्स मुखिया यांनी भारतात सरंजामशाही होती का, असाच सवाल टाकला आणि मोठा वाद झाला. माझ्या मते नाण्यांचे कोसंबी जितके भक्कम, तितके सरंजामशाहीचे नाहीत.

स्वभाव तापट. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा करून गणितातही त्यांनी टीका ओढवून घेतली. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला करार पुढे वाढला नाही. त्याच वर्षी 'मिथ अँड रिॲलिटी' प्रसिद्ध झाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले, वय अठ्ठावन्न.

विद्यार्थी मित्रांनी 'मिथ अँड रिॲलिटी'तला शेवटचा निबंध आधी वाचावा. गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकारीवर तो आहे. जमीन गावाची, पण तिच्या उत्पन्नात वाटा कोणाचा आणि तो कसा बदलत गेला, हे त्यात कोसंबी आपल्याच जन्मभूमीबद्दल विचारतात.