नेताजी सुभाषचंद्र बोस : सभांचा दौरा आणि परतीची वाट



दरवर्षी २३ जानेवारीला आपण नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या प्रतिमेला हार घालतो. दोन-तीन विद्यार्थ्यांची भाषणे होतात, समूहगीत होते आणि कार्यक्रम संपतो. भाषणांत आझाद हिंद सेनेचा उल्लेख येतोच. पण ही सेना उभी कशी राहिली, तिच्यासाठी पैसा आणि माणसे कोणी दिली, हे बहुधा सांगायचे राहून जाते. म्हणून या अंकात आम्ही नेताजींचे चरित्र सांगताना त्यांच्या आयुष्यातील शेवटच्या दोन वर्षांवर अधिक भर देत आहोत. त्या काळात ते सिंगापूर, मलाया, थायलंड आणि ब्रह्मदेश या मुलखांत गावोगावच्या भारतीयांना भेटत होते व सैन्यासाठी सभा घेत होते.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी ओरिसातील कटक येथे झाला. वडील जानकीनाथ वकील होते. आई प्रभावतीदेवी. चौदा भावंडांत सुभाष नववे. १९१३ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत कलकत्ता विद्यापीठात दुसरे आले. पुढे तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाले. वडिलांच्या इच्छेनुसार इंग्लंडला जाऊन त्यांनी आय.सी.एस.ची परीक्षा दिली आणि १९२० साली चौथा क्रमांक मिळवला. त्या काळात ही नोकरी म्हणजे आयुष्यभराची ददात मिटली असे समजले जाई. १९२१ मध्ये सुभाषबाबूंनी ती सोडली. त्याच वर्षी जुलैत ते मुंबईला उतरले आणि थेट मणिभवनात जाऊन महात्मा गांधींना भेटले.

त्यानंतरची वीस वर्षे आंदोलन, तुरुंग आणि आजारपण यांत गेली. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांना ठेवले गेले. याच तुरुंगात लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे काढली होती आणि गीतारहस्य लिहिले होते. सुभाषबाबूंना याची पूर्ण जाणीव होती. लोकमान्यांनी तेथे काय सोसले असेल, याविषयी त्यांनी न. चिं. केळकर यांना सविस्तर पत्र पाठवले होते. १९३२ साली त्यांना कल्याणजवळ रेल्वेत अटक झाली आणि आपल्या मध्य प्रदेशातील सिवनी व नंतर जबलपूर येथील तुरुंगात ठेवण्यात आले. १९३८ मध्ये हरिपुरा येथे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी जबलपूरजवळच्या त्रिपुरी अधिवेशनाला तापाने फणफणलेल्या अवस्थेत स्ट्रेचरवरून आले. निवडणूक त्यांनी जिंकली होती, पण गांधीजींशी आणि अन्य नेत्यांशी मतभेद वाढत गेले आणि एप्रिल १९३९ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले.

जानेवारी १९४१ मधील त्यांची सुटका सर्वांना ठाऊक आहे. कलकत्त्याच्या घरात नजरकैदेत असताना १६ जानेवारीच्या रात्री वेष पालटून ते बाहेर पडले. पुतण्या शिशिर याने मोटार चालवत त्यांना गोमो स्टेशनपर्यंत पोहोचवले. तेथून पेशावर, काबूल, मॉस्को आणि अखेर बर्लिन. फेब्रुवारी १९४३ मध्ये पत्नी एमिली आणि अवघ्या काही आठवड्यांची मुलगी अनिता यांना युरोपात ठेवून ते जर्मन पाणबुडीत बसले. सोबत हैदराबादचे आबिद हसन होते. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून ते जपानी पाणबुडीत गेले. मे महिन्यात टोकियो आणि २ जुलै १९४३ रोजी सिंगापूर. आता खरे काम सुरू झाले.

सिंगापुरात त्यांना कोण भेटले? एकीकडे ब्रिटिश फौजेतील भारतीय युद्धकैदी होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर हजारो भारतीय सैनिक जपान्यांच्या हाती लागले होते. त्यांच्यातून पहिली आझाद हिंद फौज निघाली, पण जपान्यांशी मतभेद होऊन ती त्याच वर्षी मोडली. दुसरीकडे लाखो साधे भारतीय होते. रबराच्या मळ्यांत काम करणारे तमिळ मजूर, पंजाबी पहारेकरी, गुजराती आणि चेट्टियार व्यापारी, कारकून, दुकानदार. यांपैकी कित्येकांचा जन्मच तिकडचा. हिंदुस्थान त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

४ जुलैला रासबिहारी बोस यांनी इंडियन इंडिपेंडन्स लीगचे नेतृत्व नेताजींकडे सोपवले. ५ जुलैला नेताजींनी सैन्याची पाहणी केली. ९ जुलैला सिंगापूरच्या पाडांग मैदानावर सुमारे ६०,००० लोकांची सभा झाली. तीत त्यांनी तीन लाख सैनिक आणि तीन कोटी डॉलर यांची मागणी केली आणि स्त्रियांचे स्वतंत्र पथक काढण्याचा विचार मांडला. मग सभांचा धडाका सुरू झाला. क्वालालंपूर, इपो, पेनांग, बँकॉक, रंगून. कधी विमानाने, कधी रेल्वेने, कधी मोटारीने ते जात. मैदानात हजारो माणसे जमत. नेताजी हिंदुस्थानीत बोलत आणि तमिळ श्रोत्यांसाठी भाषांतर होई. हिंदुस्थानी ही त्यांची मातृभाषा नव्हती, आणि समोरच्या बहुसंख्य श्रोत्यांचीही नव्हती. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, वर्गात हिंदी असे वाढल्यामुळे हा तपशील आम्हाला विशेष जवळचा वाटतो. सांगण्यासारखे काही असेल तर भाषा आड येत नाही.

सभा संपल्यावर देणग्या गोळा होत. नेताजींच्या गळ्यातील हारांचा लिलाव होई आणि एकेका हाराला मोठमोठ्या रकमा येत. बायका अंगावरचे दागिने काढून देत. मजूर आपल्या तुटपुंज्या मजुरीतून देत. रंगूनचे व्यापारी हबीब यांनी सुमारे १ कोटी रुपयांची आपली सर्व मालमत्ता दिली आणि त्यांना सेवक-ए-हिंद हे पदक मिळाले. एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला आझाद हिंद बँकही सुरू झाली.

परंतु सगळेच खुशीने देत होते असे समजू नये. काही धनिक व्यापारी घासाघीस करत, संपत्तीतील किती टक्के द्यायचे यावर वाद घालत. अशांना नेताजींनी जाहीरपणे कठोर शब्दांत सुनावले होते. प्राण द्यायला निघालेला सैनिक टक्केवारी विचारत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चांगल्या कार्यासाठी सुद्धा कोणावर किती दबाव आणावा, हा प्रश्न वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी चर्चेला घ्यावा असा आहे.

आणखी एक प्रसंग. सिंगापूरच्या चेट्टियार मंदिराने नेताजींना दसऱ्याच्या उत्सवाला बोलावले. देणगीही मिळणार होती. पण तेथे सर्व जातींना आणि अन्य धर्मीयांना प्रवेश नव्हता, म्हणून नेताजींनी नकार दिला. पुढे मंदिराने सर्वांना यायला मोकळीक दिली, तेव्हा ते आपल्या हिंदू, मुसलमान, शीख सहकाऱ्यांसह गेले. आबिद हसनही त्यांत होते. फौजेतही सर्वांची पंगत एकच असे. जय हिंद या अभिवादनाचे श्रेय आबिद हसन यांनाच दिले जाते. रामराम, सलाम, सत श्री अकाल यांच्या जोडीला सर्वांना सारखा वाटणारा एक शब्द हवा होता, तो मिळाला.

आता ग्वाल्हेरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट. स्त्रियांच्या पथकाला नेताजींनी नाव दिले झाशीची राणी. जिची समाधी आपल्या फूलबागेजवळ आहे, जून १८५८ मध्ये जिने याच शहरात देह ठेवला, तिचे नाव ८५ वर्षांनंतर समुद्रापलीकडे पोहोचले. डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन या पथकाच्या प्रमुख झाल्या. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात प्रशिक्षण शिबिर सुरू झाले. त्याच्या आदल्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, आझाद हिंद सरकारची स्थापना झाली होती. पथकात मळ्यांतील मजुरांच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. काहींना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी बंदूक चालवायला, कूच करायला, जखमींची शुश्रूषा करायला शिकून घेतले. घरून परवानगी मिळवणे हीच त्यांपैकी कित्येकींची पहिली लढाई होती.

मराठी माणसाचा वाटाही सांगितला पाहिजे. सावंतवाडी भागातील जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद फौजेतील अगदी वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक आणि आझाद हिंद सरकारचे सदस्य होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली.

जानेवारी १९४४ मध्ये नेताजींनी मुख्य ठाणे रंगूनला हलवले. मार्चमध्ये जपानी सैन्याबरोबर आझाद हिंदच्या तुकड्या इंफाळच्या दिशेने निघाल्या. १४ एप्रिल रोजी मणिपुरातील मोइरांग येथे तिरंगा फडकला. पण रसद तुटली, विमानांचे संरक्षण नव्हते, पाऊस लवकर आला. उपासमार, हिवताप आणि अतिसार यांनी गोळ्यांपेक्षा जास्त माणसे नेली. जुलैत माघार घ्यावी लागली.

जपानशी केलेल्या मैत्रीबद्दलही मुलांपासून काही लपवू नये. डिसेंबर १९४३ अखेर नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, पण अंदमानचा प्रत्यक्ष कारभार जपान्यांच्याच हाती राहिला आणि तेथील भारतीयांवर त्यांनी भयंकर अत्याचार केले. डॉ. दिवाणसिंग यांच्यासारख्या समाजसेवकाचा जानेवारी १९४४ मध्ये छळानेच मृत्यू झाला. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, या हिशेबाची किंमत त्या बेटांवरच्या लोकांनी मोजली. नेताजींचा आदर करताना हेही लक्षात ठेवावे. त्याने आदर कमी होत नाही, समज वाढते.

आणि आता तो प्रवास, ज्यासाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहिला. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजा रंगूनजवळ आल्या. नेताजींनी तेथील भारतीयांच्या रक्षणासाठी जनरल लोकनाथन यांच्या हाताखाली काही हजार सैनिक मागे ठेवले. ब्रह्मदेशातील मुलींना त्यांच्या घरी पाठवले होते, पण मलायातून आलेल्या मुली रंगूनमध्येच होत्या. त्यांची पाठवणी झाल्याशिवाय आपण हलणार नाही, असे नेताजींनी सांगितले. २४ एप्रिलच्या रात्री सर्वजण एकत्रच निघाले. दिवसा विमाने घिरट्या घालत, म्हणून झाडीत लपायचे आणि रात्री चालायचे. ट्रक चिखलात रुतत. सितांग नदी ओलांडल्यावर बरेच अंतर पायी कापावे लागले. मोटारीत बसण्याची विनंती नेताजींनी नाकारली. मुली पाठीवर सामान आणि बंदुका घेऊन चालत होत्या आणि नेताजी त्यांच्याबरोबर चालत होते. बूट काढले तेव्हा त्यांच्या पायांना फोड आलेले सोबतच्यांनी पाहिले. सुमारे तीन आठवड्यांनी, मे महिन्याच्या मध्यावर, हा ताफा बँकॉकला पोहोचला आणि मलायातील मुलींना घरी जाता आले.

सुमारे दोन वर्षांपूर्वी याच नेत्याने भरसभेत लोकांकडे त्यांच्या मुली मागितल्या होत्या. लोकांनी विश्वासाने दिल्या. हारांचे लिलाव, टाळ्या, घोषणा हे सर्व विजयाच्या आशेवर चालते. आशा संपल्यावर, कोणी टाळ्या वाजवायला नसताना, त्या मुली सुखरूप परत पोहोचवणे ही वेगळी कसोटी होती. आमच्या मते नेताजींच्या मोठेपणाचा पुरावा पाडांगच्या मैदानापेक्षा या चिखलाच्या वाटेवर जास्त मिळतो.

१८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमधील तायहोकू येथे विमान अपघातात नेताजींचा मृत्यू झाला, असे सरकारी नोंदी सांगतात. यावर शंका घेतल्या गेल्या, तीन चौकशा झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. या वादात पडण्यापेक्षा पुढे काय घडले ते पाहावे. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों यांच्यावर खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सारा देश त्यांच्या मागे उभा राहिला आणि जानेवारी १९४६ मध्ये त्यांना सोडावे लागले. यांपैकी कर्नल ढिल्लों पुढे आपल्या शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात शेती करत राहिले आणि २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, आपले पूर्वजही कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून येथे आले. हे शहर आपले घर झाले, तरी भाषा आणि मूळ आपण विसरलो नाही. मलायातल्या त्या मजुरांनी कधी न पाहिलेल्या देशासाठी जे दिले, ते आपल्याला म्हणूनच नीट कळायला हवे. येत्या जूनमध्ये राणीच्या समाधीवर फुले वाहायला जाल तेव्हा तिचे नाव लावून चाललेल्या त्या मुलींचीही आठवण ठेवा. पालकांना विनंती की त्यांनी ही गोष्ट घरी मुलांना, आणि विशेषतः मुलींना, वाचून दाखवावी.

जय हिंद.

— प्राचार्य