गायन शाळेत आणणारे पंडित विष्णु दिगंबर

शाळेच्या वेळापत्रकात गायनाचा तास असणे आज आपणांस स्वाभाविक वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र सभ्य घरातील मुलाने गाणे शिकणे हे वाया जाण्याचे लक्षण मानले जाई. हा समज बदलण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी फटाक्याने डोळे दुखावले, शिक्षण खुंटले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे तालीम सुरू झाली.

तेथील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुपंतांना आले, पण गुरुजींना वगळण्यात आले. कारण ते केवळ गवई! हे शल्य त्यांच्या मनात खोल रुतले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असे फिरत ते पंजाबात पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर व जलशांच्या उत्पन्नावर चाले. गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करून मिळणारी विद्या येथे वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा अशा रीतीने मिळू लागली. मुलींनाही प्रवेश होता. बालकांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’ लिहिले. चिजांतील शृंगारिक शब्द काढून भक्तिपर शब्द घातले; जाणकारांनी नाके मुरडली, पण पालकांचा संकोच त्यामुळेच सरला. त्यांची स्वरलिपी मात्र चिन्हांनी गजबजलेली होती. लहान मुलांनी आधी ऐकावे, गावे आणि चिन्हे मागाहून शिकावीत, असे माझे शिक्षिका म्हणून मत आहे.

१९०८ साली त्यांनी मुंबईत शाखा काढली, पुढे कर्ज घेऊन इमारत उभारली. ते कर्ज फिटले नाही आणि १९२४ साली वास्तूचा लिलाव झाला. त्यानंतर ते नाशिकला रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले, तेव्हा पुत्र दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी, शिकविले. शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपली मुले ‘प्रारंभिक’ची जी परीक्षा देतात, ती याच मंडळाची.