32 जणांत एकटे: नगरपालिकेतले जोतीराव फुले

ग्रामपंचायतीत कुणी खर्चाचा हिशेब मागितला की तो विकासाच्या आड येतो, असं लगेच बोललं जातं. आमचं वडनेर भोलजी असो की दुसरं कुठलं गाव, हे सगळीकडेच चालतं. अशा वेळी आम्हाला महात्मा जोतीराव फुले आठवतात. शाळा काढणारे फुले घराघरांत माहीत आहेत, पण नगरपालिकेतले फुले फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 1827 चा, पुण्याचा. शाळा मध्येच सुटली होती. शेजारचे फारसीचे शिक्षक मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब यांनी वडील गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून 1841 मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला.

1876 मध्ये सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमलं. सरकारने नेमलेला माणूस सरकारचीच री ओढणार, असं कुणालाही वाटेल. पण 1880 मध्ये लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर 1000 रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा फुले विरोधात उभे राहिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. 32 सदस्यांत विरोधी मत त्यांचं एकट्याचंच पडलं. ठराव मंजूर झाला.

त्याच वर्षी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांवर त्यांनी नगरपालिकेला लेखी हरकत कळवली. पुढे मंडईच्या मोठ्या इमारतीचा विषय आला. फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, तरीही आधी शिक्षण, मग इमारत, अशी भूमिका त्यांनी घेतली. मंडई झालीच. तिला गव्हर्नर रे यांचं नाव दिलं गेलं. आज तीच महात्मा फुले मंडई आहे.

28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. ते कुठल्या विरोधी पक्षात नव्हते, कुणाशी वैरही नव्हतं. पैसा जनतेचा, तर आधी कुणाच्या कामी यावा, एवढाच त्यांचा सवाल होता.

आज तो सवाल विचारायला सदस्य असण्याचीही गरज नाही. वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि गावातला प्रत्येक मतदार तिथे बोलू शकतो. पुढच्या ग्रामसभेला आपण जाऊ या, घरातल्या माय-बहिणींनाही सोबत नेऊ या. मत एकटं पडलं तरी चालेल, पण ते नोंदवलं गेलं पाहिजे.